डॅनिश व्याकरणाची पहिली ओळख : इंग्रजी जाणणाऱ्या मराठी वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे, आणि डॅनिश शब्द देवनागरीत कसे वाचावेत?

नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा जोडीदाराबरोबर डेन्मार्कला गेलेल्या अथवा जाणार असलेल्या, इंग्रजी उत्तम येणाऱ्या पण डॅनिशचा एकही धडा न घेतलेल्या वाचकासाठी हे पान लिहिले आहे. डॅनिशची बहुतेक प्राथमिक पुस्तके इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. त्यामुळे मराठी माणसाला जे मुळीच अवघड नाही ते त्यांत पानोपानी समजावलेले असते आणि जिथे त्याचा खरा पाय घसरतो तिथे एखादीच ओळ असते. हा असमतोल दूर करावा, एवढाच येथे हेतू आहे.

देवनागरीत लिहिताना डॅनिश शब्द उच्चारापेक्षा मूळ लेखनाला अधिक जवळ ठेवले आहेत. व्याकरणाचे प्रत्यय डॅनिश लेखनात स्पष्ट दिसतात, पण बोलताना त्यांतले अर्धे गिळले जातात. 'याय' म्हणजे मी किंवा 'डे' म्हणजे (नपुंसकलिंगी एकवचनी) ते, असे अतिपरिचित छोटे शब्द मात्र ऐकू येतात तसे दिले आहेत. खरा उच्चार शिकण्यासाठी ध्वनिमुद्रण ऐकण्याला पर्याय नाही.

इंग्रजी येत असेल तर डॅनिश सोपी जाते का?

वाचायला जाते, ऐकायला जात नाही. दोन्ही भाषा जर्मानिक कुळातल्या असल्यामुळे शब्दसंग्रहाचा मोठा भाग नात्यातला आहे. 'हूस' म्हणजे घर, 'फिस्क' म्हणजे मासा, 'द्रिके – द्राक – द्रुकेट' ही पिणे या क्रियापदाची रूपे इंग्रजीच्या 'ड्रिंक – ड्रँक – ड्रंक'शेजारी ठेवली की वेगळे पाठांतर करावे लागत नाही. क्रियापद पुरुषानुसार किंवा वचनानुसार बदलत नाही आणि नामाला विभक्तीही जवळजवळ लागत नाहीत. षष्ठीचा 'स' तेवढा उरला आहे, आणि इंग्रजीत त्याच्याआधी येणारे वरचे स्वल्पचिन्ह डॅनिशमध्ये सामान्यतः देत नाहीत.

व्याकरणात खरे अडथळे तीनच आहेत : नामाचे लिंग, नामाच्या शेपटाला चिकटणारे निश्चित उपपद, आणि वाक्यात दुसऱ्या जागेवर अडून बसणारे क्रियापद. या तिन्हींपैकी एकाही बाबतीत इंग्रजी मदतीला येत नाही. पहिल्या बाबतीत मराठी थोडी येते.

डॅनिशमध्ये लिंगे किती, आणि ती ओळखायची कशी?

लिंगे दोन आहेत. जुन्या भाषेतली पुल्लिंग आणि स्त्रीलिंग ही दोन्ही एकमेकांत मिसळून एक सामाईक लिंग झाले आणि नपुंसकलिंग वेगळे राहिले. सामाईक लिंगाच्या नामाआधी 'एन' हे अनिश्चित उपपद येते, नपुंसकलिंगी नामाआधी 'एट'. म्हणून 'एन बील' म्हणजे एक गाडी आणि 'एट हूस' म्हणजे एक घर. ढोबळमानाने चारांतली तीन नामे सामाईक लिंगाची असतात, तेव्हा अगदीच अडल्यास 'एन' म्हणावे.

मराठी माणसाला निर्जीव वस्तूला लिंग असते याचे नवल वाटत नाही. खुर्ची ती का आणि टेबल ते का, असा प्रश्न आपण कधी विचारलेला नसतो. मात्र मराठीचे लिंग डॅनिशवर लादण्याचा मोह टाळावा. घर, मूल, वर्ष आणि झाड ही चारही नामे दोन्ही भाषांत नपुंसकलिंगी निघतात, त्यामुळे नियम सापडला असे क्षणभर वाटते. पण मराठीत नपुंसकलिंगी असलेले पुस्तक डॅनिशमध्ये 'एन बोग' आहे आणि तिथेच तो नियम संपतो.

काही खुणा उपयोगी पडतात. '–हेड' किंवा '–निंग' असा शेवट असलेली भाववाचक नामे सामाईक लिंगाची असतात. माणसे आणि व्यवसाय दर्शवणारी नामेही बहुधा त्याच लिंगाची असतात, पण 'एट बार्न' म्हणजे मूल हा ठळक अपवाद आहे. परदेशी वळणाची 'म्युझेउम'सारखी '–उम'ने संपणारी नामे नपुंसकलिंगी असतात. याखेरीज प्रत्येक नाम त्याच्या 'एन' किंवा 'एट'सह पाठ करावे, हाच मार्ग उरतो. नुसते 'हूस' पाठ केले तर अर्धाच शब्द शिकलात, कारण पुढे उपपद, विशेषण, सर्वनाम आणि 'माझा–तुझा' ही सगळी रूपे त्या एका अक्षरावर ठरतात.

क्वचित लिंग बदलले की अर्थही बदलतो. 'एन ओल' म्हणजे बिअरची एक बाटली किंवा एक ग्लास, आणि 'एट ओल' म्हणजे बिअरचा एक प्रकार. उपाहारगृहात पहिल्याची गरज अधिक पडते.

इंग्रजीतल्या 'द'ला डॅनिशमध्ये काय म्हणतात?

त्याच्यासाठी वेगळा शब्द शोधत बसू नये, कारण साध्या नामाच्या बाबतीत तो वेगळा शब्दच नाही. 'एन बील' म्हणजे एखादी गाडी. तीच ठरावीक गाडी म्हणायची झाली की 'एन' उठून नामाच्या शेवटी जाऊन बसतो आणि 'बीलेन' होते. 'एट हूस'चे 'हूसेट' होते. अनेकवचनात 'बीलेर' म्हणजे गाड्या आणि 'बीलेर्ने' म्हणजे त्या ठरावीक गाड्या. 'हूसे' म्हणजे घरे आणि 'हूसेने' म्हणजे ती ठरावीक घरे. नामाची ही चार रूपे एका दमात म्हणायची सवय लागली की निम्मे नामप्रकरण हाती आले असे समजावे.

मराठीत उपपद नसल्यामुळे आपली चूक इंग्रजांपेक्षा वेगळी असते. इंग्रज 'द'साठी नामाच्या पुढे शब्द शोधतो. आपण निश्चितपणा दाखवायचाच विसरतो आणि 'गाडी कुठे आहे' हे वाक्य 'बील' या उघड्या नामाने बोलून मोकळे होतो. डॅनिश कानाला ते तुटक वाटते. म्हणून कोणती गाडी हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे का, हा प्रश्न प्रत्येक नामापाशी स्वतःला विचारण्याची शिस्त सुरुवातीचे काही महिने पाळावी लागते.

नामाआधी विशेषण आले की चित्र बदलते. शेपटाचे उपपद गळून पडते आणि पुढे स्वतंत्र शब्द येतो : 'डेन स्टोरे बील' म्हणजे ती मोठी गाडी, 'डे स्टोरे हूस' म्हणजे ते मोठे घर, 'डी स्टोरे बीलेर' म्हणजे त्या मोठ्या गाड्या. दोन्हीकडे एकाच वेळी उपपद देणे ही स्वीडिश आणि नॉर्वेजियन भाषांची पद्धत आहे. तिथल्या एखाद्या भाषेतून डॅनिशकडे येणाऱ्यांच्या लेखनात ही चूक हमखास सापडते.

जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, जटलंड द्वीपकल्पाच्या पश्चिम भागातल्या पारंपरिक बोलीत निश्चित उपपद इंग्रजीप्रमाणे नामाच्या आधीच येते. प्रमाणभाषेच्या परीक्षेत याचा उपयोग नाही, पण त्या भागातल्या एखाद्या वृद्ध शेजाऱ्याचे बोलणे ऐकून गोंधळायलाही नको.

अनेकवचनाचा नियम काय आहे?

नियम तीन आहेत आणि कोणत्या नामाला कोणता, हे शब्दकोशच सांगतो. काही नामांना '–एर' लागते, काहींना '–ए' लागते आणि काही मुळीच बदलत नाहीत. 'एट ओर' म्हणजे एक वर्ष आणि 'टो ओर' म्हणजे दोन वर्षे. काही अतिशय रोजच्या शब्दांत आतला स्वर बदलतो : 'मान्द'चे 'मेन्द' म्हणजे पुरुष, 'बार्न'चे 'बोर्न' म्हणजे मुले, 'बोग'चे 'बोगेर' म्हणजे पुस्तके. शेवटच्या दोन्ही उदाहरणांत अनेकवचनात येणारा 'ओ' हा डॅनिशचा तिरकी रेघ मारलेला स्वर आहे. तो म्हणताना ओठ 'ओ'साठी गोल करून तोंडातून 'ए' काढावा लागतो, आणि देवनागरी तो दाखवण्यास असमर्थ आहे.

विशेषण नामाप्रमाणे बदलते का?

बदलते, आणि मराठी माणसाला त्याचा त्रास होऊ नये. मोठा–मोठी–मोठे ही तीन रूपे आपण विचार न करता वापरतो. डॅनिशमध्येही तीनच रूपे आहेत : 'एन स्टोर बील', 'एट स्टोर्ट हूस' आणि 'स्टोरे बीलेर'. सामाईक लिंगाला मूळ रूप, नपुंसकलिंगाला 'ट', अनेकवचनाला 'ए'. फरक इतकाच, की नाम निश्चित असेल तर लिंग कोणतेही असो, 'स्टोरे' हेच रूप येते. 'माझी मोठी गाडी' किंवा 'पेटरची मोठी गाडी' हेही निश्चितच मानले जाते. म्हणून 'पेटर्स स्टोरे बील'. घर मोठे आहे, असे विधान असले तरीही विशेषण जुळवून घ्यावे लागते : 'हूसेट एर स्टोर्ट'. लहान या अर्थाचा 'लिले' हा शब्द सर्वांत हट्टी आहे, कारण त्याचे अनेकवचन 'स्मो' असे पूर्णपणे निराळे होते.

क्रियापदे किती अवघड आहेत?

फारशी नाहीत. मी आहे, तू आहेस, ते आहेत या तिन्हींसाठी एकच 'एर' पुरतो : 'याय एर', 'डू एर', 'डी एर'. मराठीत क्रियापद कर्त्याच्या पुरुष, लिंग आणि वचनाप्रमाणे आणि भूतकाळात कधी कर्माप्रमाणेही बदलते. तो संसार सांभाळणाऱ्याला डॅनिशचा वर्तमानकाळ म्हणजे सुट्टीच वाटेल. मूळ रूपाला 'र' जोडला की वर्तमानकाळ होतो : 'स्पीसे' म्हणजे खाणे, 'स्पीसेर' म्हणजे खातो, खातेस, खातात सगळेच. आज्ञार्थासाठी शेवटचा 'ए' काढून टाकावा : 'स्पीस!'

भूतकाळाचे दोन नियमित गट आहेत. मोठ्या गटात '–एडे' लागते, जसे 'आर्बायडे' म्हणजे काम करणे याचे 'आर्बायडेडे'. लहान गटात '–टे' लागते, जसे 'स्पीसे'चे 'स्पीस्टे'. उरलेली क्रियापदे आतला स्वर बदलतात आणि त्यांची यादी पाठच करावी लागते. पूर्ण वर्तमानकाळासाठी 'हार' हे साहाय्यक क्रियापद येते : 'याय हार स्पीस्ट', माझे जेवण झाले आहे. मात्र एका जागेवरून दुसरीकडे जाणे किंवा एका स्थितीतून दुसरीत जाणे असा अर्थ असेल तर 'हार'च्या जागी 'एर' येतो. 'हान एर गोएट' म्हणजे तो गेला आहे. येथे इंग्रजीची सवय चकवते. मराठीतला 'आहे' मनात धरल्यास बरोबर उत्तर आपोआप येते.

भविष्यकाळासाठी खास रूप नाही. 'मी उद्या येतो' असे आपण म्हणतो, तसेच डॅनिश माणूस 'याय कोमेर ई मोर्गेन' म्हणतो आणि काळाचे काम 'उद्या' हा शब्द करतो.

इंग्रजीतल्या 'आयएनजी'सारखा चालू काळ डॅनिशमध्ये आहे का?

नाही. 'याय लेसेर' या वाक्याचा अर्थ संदर्भाप्रमाणे मी वाचतो किंवा मी वाचत आहे असा घ्यावा लागतो. क्रिया आत्ता सुरू आहे हे ठसवायचे असेल, तर डॅनिशमध्ये शरीराच्या स्थितीचे क्रियापद मदतीला घेतात : 'याय सिडेर ओ लेसेर', शब्दशः मी बसतो आणि वाचतो. इंग्रजी पुस्तकांत ही रचना विचित्र म्हणून समजावलेली असते. मराठी माणसाने 'मी वाचत बसलोय' एवढेच आठवावे, कारण आपणही येथे बसण्याला तेवढेच महत्त्व देतो. उभे असण्याचे, आडवे असण्याचे आणि चालण्याचे क्रियापदही असेच वापरले जाते. आडवा पडून वाचणारा 'लिगेर ओ लेसेर' असतो. हातातले काम सांगण्यासाठी 'एर वेद ओ' अशी आणखी एक रचना आहे, आणि ती कोणत्याही स्थितीत चालते.

क्रियापद दुसऱ्या जागी असते, याचा नेमका अर्थ काय?

डॅनिश व्याकरणातला एकच नियम नीट शिकायचा असेल तर तो हा शिकावा. साध्या विधानवाक्यात काळ दाखवणारे क्रियापद नेहमी दुसऱ्या जागेवर येते. पहिल्या जागेवर काय ठेवायचे हे बोलणारा ठरवतो. 'याय स्पीसेर फिस्क ई डाग' म्हणजे मी आज मासे खातो. आता 'आज' पुढे आणायचा असेल तर 'ई डाग स्पीसेर याय फिस्क' असे म्हणावे लागते, म्हणजे कर्ता मुकाट्याने क्रियापदाच्या मागे जातो. माशांवर जोर द्यायचा असेल तर 'फिस्क स्पीसेर याय ई डाग'. प्रत्येक वाक्यात 'स्पीसेर' आपल्या दुसऱ्या जागेवरून हललेला नाही, आणि हलवायचाही नाही.

इंग्रजीत आणि मराठीत 'आज' पुढे आला म्हणून बाकीच्या शब्दांना हलावे लागत नाही. म्हणून दोन्ही भाषांची सवय मिळून 'ई डाग याय स्पीसेर' असे चुकीचे वाक्य तयार होते. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, त्यामुळे कोणी दुरुस्त करत नाही आणि चूक वर्षानुवर्षे टिकते. चांगली डॅनिश बोलणाऱ्या परदेशी माणसाची ओळख बरेचदा याच एका जागी पटते, असे माझे निरीक्षण आहे.

जागा मोजताना शब्द मोजू नयेत, वाक्याचे घटक मोजावेत. 'पाऊस पडला तर' हे सबंध उपवाक्य एक घटक आहे. म्हणून 'विस डे राय्नेर, ब्लीवेर याय येमे', म्हणजे पाऊस पडला तर मी घरी राहीन. स्वल्पविरामानंतर लगेच क्रियापद आलेले पाहून दचकू नये. 'ओ' म्हणजे आणि, 'मेन' म्हणजे पण, असे जोडणारे शब्द मोजणीत धरत नाहीत. 'मोस्के' म्हणजे कदाचित हा शब्द मात्र थोडा स्वैर आहे. त्याच्यानंतर क्रियापद आले तरी चालते आणि कर्ता आला तरी चालते.

प्रश्नही याच यंत्रणेतून निघतो. इंग्रजीतल्या 'डू'सारखे मदतनीस क्रियापद लागत नाही. क्रियापद पहिल्या जागेवर नेले की काम होते : 'स्पीसेर डू फिस्क?'

'इके' म्हणजे 'नाही' हा शब्द कुठे ठेवायचा?

मुख्य वाक्यात क्रियापदानंतर : 'याय स्पीसेर इके फिस्क'. गौण वाक्यात मात्र क्रियापदाच्या आधी : 'फोर्डी याय इके स्पीसेर फिस्क', म्हणजे कारण मी मासे खात नाही. 'फोर्डी' म्हणजे कारण, 'अॅट' म्हणजे की, 'विस' म्हणजे जर, 'सोम' म्हणजे जो, अशा शब्दांनी सुरू झालेल्या गौण वाक्यात दुसऱ्या जागेचा नियम शिथिल होतो, कर्ता पुढे येतो आणि 'इके', 'आल्टिद' म्हणजे नेहमी, अशी क्रियाविशेषणे क्रियापदाच्या आधी शिरतात. रोजच्या बोलण्यात 'फोर्डी'नंतर डॅनिश लोक स्वतःच मुख्य वाक्याचा क्रम वापरताना ऐकू येतात, परंतु लेखी परीक्षेत ती सवलत मिळेल असे गृहीत धरू नये.

आणखी एक बारकावा आहे. कर्माच्या जागी जोर नसलेले सर्वनाम असेल तर 'इके' त्याच्या मागे सरकतो. 'याय सेर इके पेटर' म्हणजे मला पेटर दिसत नाही, पण 'याय सेर हाम इके' म्हणजे मला तो दिसत नाही.

'सिन' आणि 'हान्स' यांत फरक काय?

इंग्रजीभाषकांच्या पुस्तकात या प्रश्नाला अख्खा धडा दिलेला असतो. आपल्याला एक उदाहरण पुरावे. 'पेटर वास्केर सिन बील' म्हणजे पेटर आपली गाडी धुतो. 'पेटर वास्केर हान्स बील' म्हणजे पेटर त्याची, अर्थात दुसऱ्याच कोणाची तरी, गाडी धुतो. मराठीतला 'आपला' आणि 'त्याचा' यांतला भेद बहुतांशी हाच आहे. नाम नपुंसकलिंगी असेल तर 'सिट' आणि अनेकवचनी असेल तर 'सिने' होते.

दोन ठिकाणी मात्र मराठी दगा देते. आपण 'मी आपले काम करतो' असेही म्हणतो, पण डॅनिशमध्ये 'मी' आणि 'तू' यांच्याबरोबर 'सिन' चालत नाही. तिथे 'मिन' आणि 'डिन' हीच रूपे हवीत. आणि कर्ता 'ते' असा अनेकवचनी असेल तर प्रमाणभाषेत 'सिन' न येता 'डेरेस' येते, मग गाडी स्वतःची असो की शेजाऱ्यांची.

आदरार्थी 'तुम्ही' आहे का?

आहे, पण तो जवळजवळ वापरातून गेला आहे. थोरल्या अक्षराने लिहिला जाणारा 'डी' हा आदरार्थी शब्द १९६० आणि १९७० च्या दशकांत मागे पडला. आज प्राध्यापक, डॉक्टर, वरिष्ठ अधिकारी आणि मंत्री या सर्वांना 'डू' असेच संबोधतात. राजघराण्यातील व्यक्तींशी बोलताना आणि क्वचित अतिऔपचारिक पत्रात 'डी' आढळतो. ज्या मराठी माणसाला साहेबांना 'तू' म्हणण्याच्या कल्पनेने घाम फुटतो, त्याने हे लक्षात ठेवावे की 'डू' हा मराठीतला 'तू' नाही. त्यात सलगी नाही आणि अवमानही नाही. एकापेक्षा अधिक जणांना उद्देशून 'ई' म्हणतात. स्थळ दाखवणाऱ्या 'ई' या शब्दापासून वेगळा दिसावा म्हणून हे सर्वनाम नेहमी थोरल्या अक्षराने लिहितात.

'कृपया'ला सरळ प्रतिशब्द नाही. विनंतीच्या शेवटी 'टाक', म्हणजे आभार, म्हटले की पुरते : 'एन काफे, टाक'.

डॅनिश संख्या इतक्या विचित्र का वाटतात?

इंग्रजाला त्या विचित्र वाटतात, आणि शेजारच्या स्वीडिश व नॉर्वेजियन माणसालाही वाटतात. मराठी माणसाने आधी बिचकू नये. पहिली गोष्ट, एकक आधी आणि दशक नंतर येते : 'फेम-ओ-ट्यूवे' म्हणजे पाच आणि वीस, अर्थात पंचवीस. पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस म्हणणाऱ्याला यात नवे काही नाही. उलट एकोणतीस, एकोणचाळीस अशी वजाबाकी तिथे नाही, हा फायदाच आहे.

दुसरी गोष्ट, पन्नासपासून पुढची दशके विसाच्या पटीने मोजलेली आहेत. साठ म्हणजे 'ट्रेस', तीन वेळा वीस. ऐंशी म्हणजे 'फिर्स', चार वेळा वीस. मधल्या दशकांसाठी अर्ध्याची योजना आहे. पन्नास म्हणजे 'हाल्ट्रेस', मूळ अर्थाने 'अर्धा तिसरा वेळा वीस'. अर्धा तिसरा म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्यातला अर्धा, म्हणजे अडीच. आणि अडीच गुणिले वीस म्हणजे ५०. सत्तर म्हणजे 'हाल्फ्येर्स', अर्धा चौथा म्हणजे साडेतीन गुणिले २०. नव्वद म्हणजे 'हाल्फेम्स', अर्धा पाचवा म्हणजे साडेचार गुणिले २०.

हीच मोजणी आपल्या भाषेच्या पोटातही आहे. 'अडीच' हा शब्द संस्कृतातल्या 'अर्धतृतीय' याचेच झिजलेले रूप आहे, आणि देहाला औट हात मोजणाऱ्या जुन्या मराठीतला 'औट' म्हणजे साडेतीन, तो 'अर्धचतुर्थ' यावरून आला आहे. डॅनिशमध्ये दीडसाठी 'हाल्आनेन', म्हणजे अर्धा दुसरा, हा शब्द आजही रोजच्या वापरात आहे. अडीच आणि औट ज्या रीतीने घडले, त्याच रीतीने 'हाल्ट्रेस' आणि 'हाल्फ्येर्स' घडले, हे एकदा उमगले की दुकानातल्या पावतीवरचा आकडा ऐकून समजण्याचे काम पुष्कळ हलके होते. तरीही ५०, ७० आणि ९० ही तीन नावे मोठ्याने घोकावीच लागतात, कारण गल्ल्यावरचा माणूस गुणाकारासाठी थांबत नाही.

घड्याळाची वेळ सांगताना कोणती चूक महागात पडते?

'हाल फेम' म्हणजे साडेचार, साडेपाच नव्हे. ब्रिटिश बोलीतल्या 'हाफ फाइव्ह'चा अर्थ साडेपाच असल्यामुळे इंग्रजीतून भाषांतर करणारा माणूस बरोबर एक तास उशिरा पोहोचतो. पाचव्या तासातला अर्धा झाला, अशी वरच्या संख्यांचीच पद्धत येथे आहे.

'कान', 'स्काल', 'विल' आणि 'मो' ही क्रियापदे कशी वापरावीत?

यांच्यानंतर दुसरे क्रियापद मूळ रूपात येते आणि मध्ये काही लागत नाही. 'कान'चा अर्थ शकणे असा आहेच, पण भाषा येणे यासाठीही तो एकटाच पुरतो : 'याय कान डान्स्क', मला डॅनिश येते. 'स्काल'मध्ये ठरलेले असणे किंवा भाग असणे असा अर्थ आहे. कुठे जायचे ते सांगितले तर जाणे हे क्रियापद गाळले तरी चालते : 'याय स्काल टिल ओदेन्से', मला ओदेन्सेला जायचे आहे. 'विल'मध्ये इच्छा आहे, म्हणून त्याला केवळ भविष्यकाळ समजू नये. 'मो' हा सर्वांत निसरडा शब्द आहे; त्याने परवानगी मागतात, निष्कर्ष आणि गरजही सांगतात, आणि 'मो इके' झाले की स्पष्ट मनाई होते.

पाट्यांवर क्रियापदांच्या शेवटी 'स' का दिसतो?

तो कर्मणी प्रयोग आहे. 'स्यूक्लेर फ्येर्नेस' या पाटीचा अर्थ सायकली हटवल्या जातील असा आहे. नियम, सूचना आणि पाककृती यांत हे रूप भरपूर येते. कोण हटवणार हे न सांगता दरारा बसवण्याची सोय सगळ्याच भाषांतल्या पाट्यांना हवी असते. एखादी विशिष्ट घटना सांगताना मात्र 'ब्लीवे' या क्रियापदाने कर्मणी रचना करतात : 'हान ब्लेव वाल्ट', तो निवडला गेला.

लांबच लांब शब्द तोडून लिहिले तर चालतील का?

चालणार नाहीत. डॅनिशमध्ये सामासिक शब्द एकत्र लिहिणे ही केवळ शोभेची बाब नाही. 'डान्स्क लेरेर' असे दोन शब्द लिहिले तर डेन्मार्कचा असलेला शिक्षक, आणि 'डान्स्कलेरेर' असे एकत्र लिहिले तर डॅनिश विषयाचा शिक्षक, मग तो साताऱ्याचा का असेना. समासाचे लिंग शेवटच्या पदावरून ठरते. 'स्यूगेहूस', शब्दशः आजाऱ्यांचे घर, म्हणजे रुग्णालय, 'हूस'मुळे नपुंसकलिंगी आहे. कधीकधी दोन पदांच्या मध्ये 'स' किंवा 'ए' येतो.

'या' आणि 'यो' या दोन्हींचा अर्थ 'हो' असाच आहे का?

होकारार्थी प्रश्नाला 'या', नकारार्थी प्रश्नाला 'यो'. 'तू येणार नाहीस का?' असे विचारल्यावर मराठीत 'येणार आहे की' असे सविस्तर सांगावे लागते. डॅनिशमध्ये नुसते 'यो' म्हटले की येणार असल्याचे निःसंदिग्ध कळते. वाक्याच्या मध्ये आलेला 'यो' वेगळा असतो. तो 'तुलाही ठाऊक आहेच ना' असा सूर लावतो.

'ई' आणि 'पो' यांतले कोणते शब्दयोगी कधी वापरावे?

सरसकट नियम शोधू नये. देशांसाठी आणि शहरांसाठी 'ई', तर डेन्मार्कच्या बेटांसाठी 'पो' : 'ई डानमार्क', पण 'पो फ्यून', 'पो बोर्नहोल्म'. बाकीचे क्रियापदासह पाठ करावे.

जुन्या पुस्तकांतले लेखन वेगळे का दिसते?

१९४८ च्या लेखनसुधारणेमुळे. तोपर्यंत जर्मनप्रमाणे प्रत्येक नाम थोरल्या अक्षराने सुरू होत असे; ती पद्धत बंद झाली. जोडीने लिहिल्या जाणाऱ्या दोन रोमन 'ए' (a) अक्षरांच्या जागी डोक्यावर वर्तुळ असलेले एकच अक्षर आले, आणि आज ते २९ अक्षरांच्या वर्णमालेत सर्वांत शेवटी येते. रास्मुस रास्क या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने या अक्षराचा पुरस्कार १८२६ मध्येच केला होता. हाच रास्क १८२० मध्ये मुंबईला आला होता आणि पारशी समाजाकडून त्याने मिळवलेली अवेस्ता व पहलवी हस्तलिखिते कोपनहेगनला गेली. शहरांच्या नावांत जुने लेखन अजून टिकून आहे. ऑर्हुस शहराने २०११ पासून आपले नाव पुन्हा जुन्या पद्धतीने दोन अक्षरांनी लिहायला सुरुवात केली.

स्वतः डॅनिश लोक व्याकरणात कुठे चुकतात?

वर्तमानकाळाच्या 'र'मध्ये. 'कोरे' म्हणजे गाडी चालवणे आणि 'कोरेर' म्हणजे चालवतो, हे दोन्ही शब्द ऐकायला एकसारखे असतात, त्यामुळे लिहिताना 'र' गळतो किंवा नको तिथे लागतो. शाळेत मुलांना या एका 'र'चे स्वतंत्र धडे दिले जातात. 'आणि' या अर्थाचा 'ओ' आणि क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारा 'अॅट' हे बोलण्यात एकसारखे होतात, तिथेही हाच घोळ होतो. व्याकरण डोळ्यांनी शिकणारा प्रौढ परदेशी माणूस या दोन बाबतींत बरेचदा स्थानिकांपेक्षा बिनचूक लिहितो.

शंका आली तर कुठे पाहावे?

अधिकृत लेखनासाठी १९५५ मध्ये स्थापन झालेल्या डॅनिश भाषा मंडळाचा, म्हणजे 'डान्स्क स्प्रोगनेव्न'चा, लेखनकोश प्रमाण मानतात, आणि तो इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहे. अर्थ, उदाहरणे आणि उच्चाराचे ध्वनिमुद्रण हवे असेल तर 'डेन डान्स्के ओर्डबोग' पाहावा. तोही मोफत आहे. नामाच्या नोंदीत शब्दापुढे छोट्या रेघांनंतर प्रत्यय दिलेले असतात. 'बील'पुढे 'एन', 'एर' आणि 'एर्ने' असे तीन दिसतील : पहिल्यावरून लिंग आणि निश्चित एकवचन कळते, दुसऱ्यावरून अनेकवचन आणि तिसऱ्यावरून निश्चित अनेकवचन. नवा शब्द वहीत उतरवताना अर्थाआधी हे तीन प्रत्यय उतरवावेत.